‘बेर्लिना’ ते ‘अ‍ॅपे’ : मोटारीच्या अंगाची इटालियन नावे आणि मराठी वाहनशब्द

प्रस्तावना

बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यातील बीबी किंवा त्यासारख्या कोणत्याही मोठ्या गावाच्या थांब्यावर उभ्या असणाऱ्या वाहनांची नावे पाहिली, तर ती एकाच तत्त्वावर आधारलेली नाहीत असे लक्षात येते. ‘एसटी’ हे नाव संस्थेच्या आद्याक्षरांवरून, ‘काळीपिवळी’ हे रंगावरून, ‘टेम्पो’ हे एका जर्मन कारखान्याच्या छापावरून, तर ‘छोटा हत्ती’ हे २००५ मध्ये आलेल्या टाटांच्या लहान मालवाहू गाडीला लोकांनी दिलेले नाव आहे. याच ओळीत ‘अ‍ॅपे’ हा शब्द येतो. तो शुद्ध इटालियन असून त्या भाषेत ‘आपे’ म्हणजे मधमाशी. तो रोज उच्चारणाऱ्या बहुसंख्यांना ही गोष्ट ठाऊक नसते, आणि ठाऊक असण्याचे कारणही नाही. शब्द इतका घरचा झाला आहे.

वर्गात मात्र चित्र वेगळे असते. मोटारीच्या बांधणीचे प्रकार शिकवताना सेदान, हॅचबॅक, इस्टेट, कूपे, कन्व्हर्टिबल अशी यादी फळ्यावर येते व विद्यार्थी ती पाठ करतो. त्या त्या अंगाला ते ते नाव का पडले, हे मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यास क्वचितच कळते. मराठीत असे शब्द नव्हतेच, असा समजही यातून दृढ होतो. इटालियन संज्ञांचा विचार या ठिकाणी उपयोगी पडतो. त्या भाषेत मोटारीची नावे घोडागाडी, होडी, बाग, घर यांच्याशी असलेले नाते अजून उघडपणे सांगतात. आणि ज्या रीतीने ती घडली, ती रीत मराठी बैलगाडीच्या शब्दांत पूर्वापार आहे.

सांगाडा आणि अंग

मोटारीच्या बाह्य अंगाला इटालियनमध्ये ‘कारोत्सेरिया’ म्हणतात. मूळ शब्द ‘कार्रो’, म्हणजे गाडा. त्यावरून ‘कारोत्सा’, म्हणजे घोड्यांची बंदिस्त गाडी. आणि ती बांधणाऱ्याचा कारखाना तो ‘कारोत्सेरिया’. पुढे कारखान्याचे हे नाव तेथे तयार होणाऱ्या वस्तूलाही लागले. इंग्रजीतील ‘कार’ हा शब्दही याच लॅटिन मुळाचा वंशज आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोटार विकत घेणे म्हणजे पुष्कळदा केवळ चाके, यंत्र व सांगाडा विकत घेणे असे. त्यावरचे अंग ग्राहक आपल्या पसंतीच्या कारागिराकडून बांधून घेई. तोरिनोत, म्हणजे इंग्रजीतून परिचित झालेल्या ट्यूरिन शहरात, बेर्तोने व पिनिन फारिना, तर मिलानमध्ये झागातो व तूरिंग ही अशी घराणी होती. कारखान्याच्या ठरीव मालिकेबाहेर बांधलेल्या अशा गाडीला ‘फुओरिसेरिए’, म्हणजे मालिकेबाहेरची, असे सार्थ नाव होते.

मराठी वाचकाला ही पद्धत परकी वाटू नये. मालमोटारीचा सांगाडा आणून ‘बॉडी बांधून घेणे’ हा वाक्प्रयोग आजही रूढ आहे. राज्य परिवहन महामंडळाने कित्येक दशके सांगाडे विकत घेऊन दापोडी, चिकलठाणा व हिंगणा येथील आपल्या मध्यवर्ती कार्यशाळांत त्यांवर गाड्या बांधल्या. त्याच्याही मागे बैलगाडी आहे. चाके, आख आणि त्यावर बसणारा लाकडी ‘साटा’ हे तिचे वेगवेगळे भाग. चाकाला लोखंडी धाव बसवणारा लोहार वेगळा, साटा करणारा सुतार वेगळा. ‘कारोत्सेरिया’ला मराठीत प्रतिशब्द शोधायचाच झाला तर तो येथपासून शोधावा लागेल. ‘शरीररचना’ हा शब्द शरीरशास्त्राच्या तासालाच शोभतो.

घोडागाडीचा वारसा

चार दारे, पक्के छत व मागे सामानाची जागा असलेल्या मोटारीला भारतात अमेरिकी वळणाने ‘सेदान’ म्हणतात, इटालियनमध्ये ‘बेर्लिना’. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात बर्लिन शहरात तयार झालेल्या चारचाकी बंदिस्त घोडागाडीला फ्रेंचांनी त्या शहराचे नाव दिले व तेथून ते इटलीत आले. गावावरून वा व्यक्तीवरून गाडीला नाव पडणे मुंबईलाही नवे नव्हते. तिची ‘व्हिक्टोरिया’ राणीच्या नावाची होती. ‘सेदान’चे मूळ याहून मनोरंजक आहे. मोटार येण्यापूर्वी हा शब्द माणसांनी खांद्यावर वाहून नेण्याच्या बंद खुर्चीसाठी वापरला जाई. ती खुर्ची म्हणजे आपल्याकडील मेण्याचीच युरोपीय बहीण. एकच मोटार अमेरिकेत मेण्याच्या नावाने आणि इटलीत घोडागाडीच्या नावाने ओळखली जाते, असा हा प्रकार आहे. इटालियनमध्ये ‘बेर्लिना’ या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे : गुन्हेगाराला चव्हाट्यावर उभे करण्याची शिक्षा. या दोन शब्दांची व्युत्पत्ती वेगळी असल्याने मोटारमालकांनी मनाला लावून घेण्याचे कारण नाही.

‘कूपे’ हा शब्द इटालियनने फ्रेंचमधून जसाच्या तसा घेतला. त्याचा अर्थ ‘कापलेला’. समोरासमोर दोन बाके असलेल्या बर्लिनी गाडीचे पुढचे बाक कापून टाकले की जी आखूड, दोघांची गाडी उरे, ती कूपे. रेल्वेने पहिल्या वर्गाने प्रवास केलेल्यांना हा शब्द परिचित आहे. चार जणांच्या खोलीऐवजी दोन जणांची खोली तीही ‘कूपे’च, आणि कारणही तेच.

‘काब्रिओले’ या छत उघडणाऱ्या गाडीच्या नावाचा प्रवास उलटसुलट झाला आहे. इटालियन ‘काप्रिओला’ म्हणजे शेळीकुळातील प्राण्याची उडी. फ्रेंचांनी तो शब्द घेतला. रस्त्यावर उसळत धावणाऱ्या हलक्या दोनचाकी गाडीला त्यावरून ‘काब्रिओले’ म्हटले. पुढे तोच शब्द मोटारीसाठी इटलीत परतला. इंग्रजांनी त्याचे लघुरूप करून भाड्याच्या गाडीला ‘कॅब’ म्हटले. आज पुण्यात वा नागपुरात भ्रमणध्वनीवरून ‘कॅब’ मागवणारा मनुष्य, नकळत, करडाच्या उडीचे नाव घेत असतो.

उघड्या, दोन आसनी, वेगवान गाडीला इटालियनमध्ये ‘स्पायडर’ म्हणतात. बारीक आऱ्यांची उंच चाके असलेल्या एका हलक्या घोडागाडीस इंग्रजीत कोळ्याची उपमा मिळाली होती. तीच पुढे मोटारीला लागली.

मराठीत असे शब्द होते काय? विपुल होते. जड ओझ्याचा ‘गाडा’ व ‘खटारा’, हलका ‘छकडा’, बसून जाण्यासाठी छप्पर घातलेली ‘दमणी’, वऱ्हाडातील ‘रेंगी’, शेतीकामाची ‘बंडी’. या प्रत्येक शब्दामागे साट्याचा वेगळा आकार व वेगळा उपयोग होता. इटालियन ‘कारोत्सा’ची प्रजा मोटारीच्या युगात नांदती राहिली, मराठी गाड्यांची नावे मात्र बैलांबरोबर मागे पडली. ‘खटारा’ तेवढा मोटारीला चिकटला, तोही शिवी म्हणून. ‘छकडा’ शंकरपटाच्या निमित्ताने टिकून आहे.

लघुत्वाची भाषा

इटालियन संज्ञांतील सर्वांत लक्षणीय भाग म्हणजे प्रत्यय. ‘-एत्ता’, ‘-इनो’, ‘-इना’ हे प्रत्यय लागले की वस्तू लहान होते. पण केवळ लहान होत नाही, ती वेगळीच होते. ‘बेर्लिनेत्ता’ म्हणजे शब्दशः छोटी बेर्लिना. प्रत्यक्षात ती चार जणांच्या बेर्लिनेची लहान प्रतिकृती नसून, दोघांसाठी पक्क्या छताची, उतरत्या पाठीची, वेगवान मोटार आहे. पिनिन फारिनाने १९४७ मध्ये घडवलेली चिसितालिया २०२ ही तिचे आदर्श उदाहरण मानली जाते. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९५१ मध्ये मोटारींचे जे प्रदर्शन भरवले, त्यात निवडलेल्या आठ गाड्यांत ती होती.

‘बार्का’ म्हणजे होडी, ‘बार्केत्ता’ म्हणजे छोटी होडी. १९४८ च्या तोरिनो प्रदर्शनात तूरिंगच्या कारागिरांनी फेरारी १६६ या गाडीवर जे उघडे अंग बांधले, त्याच्या गोलाकार कडा पाहून हे नाव रूढ झाले. छत नाही, दाराची उंची कमी, आत शिरायचे ते होडीत उतरल्यासारखे. पुढे १९९५ मध्ये फियाटने आपल्या एका गाडीचे अधिकृत नावच ‘बार्केत्ता’ ठेवले. फियाटच्या १९३६ च्या ‘५००’ या चिमुकल्या गाडीला लोकांनी ‘तोपोलिनो’, म्हणजे उंदुकला, म्हटले. मिकी माऊसचे इटलीतील नावही तेच. स्वतः ‘पिनिन’ हेदेखील पिएमोंतेच्या बोलीतील लघुत्वदर्शक नाव आहे. बात्तिस्ता फारिना हे घरातले धाकटे, म्हणून ‘पिनिन’. १९६१ मध्ये अधिकृत परवानगीने कुटुंबाचे आडनावच ‘पिनिनफारिना’ झाले.

मराठीत हेच काम लिंगभेदाने होते. गाडा, गाडी, गाडे; टोपला, टोपली; सुरा, सुरी. येथेही आकाराबरोबर काम बदलते. विळा शेतात गवत कापतो आणि विळी स्वयंपाकघरात भाजी चिरते. विळीला ‘लहान विळा’ म्हणणाऱ्यास गृहिणी हसेल. बेर्लिना आणि बेर्लिनेत्ता यांचे नाते विळा-विळीचे आहे. वर्गात ते या उदाहरणाने सांगितले, तर पाठांतराची गरज बरीच कमी होते. लिंगाचा प्रश्न इटालियनांनाही पडला होता. ‘आउतोमोबिले’ हा शब्द पुल्लिंगी की स्त्रीलिंगी, या वादात कवी गाब्रिएले दान्नुंत्सियो यांनी १९२० मध्ये फियाटचे ज्योव्हान्नी आन्येल्ली यांना पत्र लिहून स्त्रीलिंगाच्या बाजूने कौल दिला, आणि भाषेने तो मानला. मराठीत मोटार, गाडी, कार, जीप, रिक्षा या सर्व स्त्रिया. टेम्पो व ट्रक तेवढे पुरुष. त्यासाठी कोणा कवीला पत्र लिहावे लागले नाही. ओझे वाहणाऱ्या ‘गाड्या’चे लिंग बहुधा त्यांनी वारशाने घेतले असावे.

खणांचा हिशेब

घोडागाडीच्या आठवणींखेरीज इटालियनमध्ये एक निव्वळ भूमितीय पद्धतही आहे. गाडीच्या अंगाचे ‘व्होलुमे’ म्हणजे घनभाग मोजायचे. यंत्राचा एक, माणसांचा एक व सामानाचा एक असे तीन भाग बाहेरून स्वतंत्र दिसत असतील, तर ती गाडी ‘त्रे व्होलुमी’. सामान माणसांच्याच भागात मागे सामावले असेल तर ‘दुए व्होलुमी’. आणि तिन्ही एका सलग आकारात असतील तर ‘मोनोव्होलुमे’. हॅचबॅक हा इंग्रजी शब्द मागच्या झडपेवर बोट ठेवतो. इटालियन संज्ञा संपूर्ण रचना सांगते.

जुन्या मराठी घराचे मोजमाप खणांत होई. दोन तुळयांमधील अंतर तो खण. घर दोन खणी की पाच खणी, यावरून त्याचा विस्तार कळे. ‘तीनखणी’, ‘दोनखणी’ व ‘एकखणी’ मोटार असे म्हटले तर इटालियन अर्थ जवळजवळ पूर्णपणे येतो आणि शब्द खेड्यातील विद्यार्थ्यालाही समजतो.

खणांचा हा हिशेब भारतात करआकारणीशी जोडला गेला. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात चार मीटरपर्यंत लांबीच्या, विशिष्ट क्षमतेच्या आतील यंत्राच्या मोटारींवरील उत्पादनशुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आणले गेले. तीनखणी गाडी या मर्यादेत बसवायची तर तिसरा खण कापणे भाग होते. टाटांची २००८ मधील ‘इंडिगो सीएस’ अशीच जन्मली. बर्लिनी गाडीचे बाक कापून कूपे झाली तेव्हा कारण ऐटीचे होते; येथे ते कराचे. पण कात्री तीच.

कुर्ला आणि पुणे

महाराष्ट्राचा इटालियन मोटारीशी संबंध जुना आहे. सोलापूरचे सुपुत्र वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहाने १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात आरंभी अमेरिकी क्रायस्लरच्या आणि १९५० च्या दशकापासून फियाटच्या गाड्या तयार केल्या. फियाट ११००, इटलीतील ‘मिल्लेचेंतो’, म्हणजे अकराशे, ही त्यांतील प्रमुख. पुढे तीच ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीचा चेहरा म्हणजे ही तीनखणी बेर्लिना. टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २००३ मधील होती. वीस वर्षांची वयोमर्यादा संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून गेली.

इटलीत याच ११०० ची ‘फामिलियारे’ व ‘त्रास्फोर्माबिले’ ही भावंडे होती. पहिली कुटुंबासाठी, मागे लांब छताची. दुसरी छत बदलता येणारी, दोन आसनी. १९६६ च्या फियाट १२४ चे बेर्लिना, फामिलियारे, कूपे आणि स्पायडर असे चार अवतार झाले. तिच्या वंशातील बेर्लिनाच १९८० च्या दशकात कुर्ल्यात ‘११८ एनई’ म्हणून तयार झाली. भारतात बेर्लिनाच का रुजली, याचे एक कारण तांत्रिक आहे. १९५३ च्या ११०० पासून या गाडीत सांगाडा व अंग वेगळे राहिले नव्हते. पत्र्याचे अंगच भार उचलत होते. सांगाड्यावर दुसरे अंग बांधणे हे आता सुताराचे किंवा गावच्या गॅरेजचे काम उरले नाही; प्रत्येक नव्या आकाराला नवे साचे, आणि साच्यांना मोठा खर्च. मर्यादित बाजारपेठेत एकच आकार वर्षानुवर्षे निघत राहिला. ज्या समाजाने एकच आकार पाहिला, त्याला आकारांची नावे लागली नाहीत. ‘फियाट’ हेच टॅक्सीचे नाव झाले.

पुण्याच्या टाटा मोटर्सने १९९८ मध्ये ‘इंडिका’ जाहीर केली, तिच्या अंगाच्या आखणीत तोरिनोच्या आयडिया इन्स्टिट्यूटचा सहभाग होता. दोनखणी इंडिका, २००२ ची तीनखणी इंडिगो आणि २००४ ची लांब छताची इंडिगो मरिना यांत एका मुळापासून अनेक अंगे काढण्याची इटालियन रीत महाराष्ट्रात प्रथमच ठळकपणे दिसली. नावे मात्र इंग्रजीतूनच आली.

माणसे आणि माल

इटालियन संज्ञांतील ज्या गटाचे ग्रामीण महाराष्ट्राशी खरे साम्य आहे, तो मिश्र उपयोगाच्या गाड्यांचा. ‘जार्दिनिएरा’ म्हणजे माळीण. बागेतला माल आणि माणसे दोन्ही नेणाऱ्या गाडीला हे नाव पडले. (तेथे मिश्र भाज्यांच्या लोणच्यालाही हेच नाव आहे.) फियाट ५०० ची १९४८ मधील जार्दिनिएरा बाजूंना लाकडी चौकट लावलेली होती, तीमध्ये बैलगाडीचा साटा मोटारीवर चढल्याचे स्पष्ट दिसते. ‘जार्दिनेत्ता’ हा शब्द पुढे लांब छताच्या लहान गाडीचे सामान्यनाम बनला.

इटलीच्या कायद्यानेही हा उपयोग ओळखला. तेथील वाहतूक संहितेत ‘त्रास्पोर्तो प्रोमिस्कुओ’, म्हणजे मिश्र वाहतूक, असा वाहनांचा स्वतंत्र वर्ग आहे : माणसे आणि माल दोन्ही नेणारी, चालकासह जास्तीत जास्त नऊ आसनांची गाडी. शेतकऱ्याला बाजाराच्या दिवशी कोथिंबिरीच्या जुड्यांबरोबर स्वतःलाही जायचे असते, हे त्या कायद्याने गृहीत धरले आहे. भारतात मालवाहू म्हणून नोंदलेल्या गाडीत प्रवासी बसवणे नियमबाह्य असते, आणि अपघात झाल्यास विमाभरपाईचा प्रश्न नेमका याच मुद्द्यावर अडतो. गाडीचे अंग कोणत्या वर्गात मोडते हा येथे केवळ शब्दाचा प्रश्न राहत नाही.

‘आपे’चा जन्म याच गरजेतून झाला. पोंतेदेरा येथील पिआज्जो कंपनीने १९४६ मध्ये विमानअभियंता कोर्रादिनो दास्कानियो यांच्याकडून स्कूटर तयार करून घेतली. बारीक कंबर आणि गुणगुणणारा आवाज यांवरून ती ‘व्हेस्पा’, म्हणजे गांधीलमाशी. दोनच वर्षांनी, १९४८ मध्ये, तिच्या पुढच्या भागाला मागे दोन चाके व माल ठेवण्याचा हौदा जोडला गेला. गांधीलमाशी नुसती हिंडते, मधमाशी ओझे वाहते. म्हणून ही ‘आपे’. युद्धानंतरच्या इटलीत लहान दुकानदार आणि भाजीवाले यांची ती गाडी झाली.

महाराष्ट्रात ती दोनदा आली. पहिल्यांदा १९६० च्या दशकात पिआज्जोच्या परवान्याने बजाज ऑटोने पुण्याजवळ स्कूटर व तीनचाकी तयार केली. आजची ऑटोरिक्षा त्याच वंशातली, पण तिचे मूळ नाव येथे रुजले नाही. ‘रिक्षा’ हा माणसाने ओढायच्या गाडीचा जपानी शब्द तिला मिळाला. दुसऱ्यांदा, १९९० च्या दशकाच्या अखेरीस, पिआज्जोने बारामतीला कारखाना उभारला आणि या वेळी गाडीबरोबर नावही आले. वर्तमानपत्रांत सर्रास दिसणाऱ्या ‘अ‍ॅपे रिक्षा’ या शब्दात इटालियन मधमाशी आणि जपानी माणूसगाडी एकत्र नांदतात.

या शब्दाचा अर्थही येथे बदलला आहे. मराठीत अ‍ॅपे हे आता कारखान्याचे नाव न राहता एका अंगप्रकाराचे नाव झाले आहे. तीन चाके, पुढे चालक, मागे समोरासमोर बाके किंवा हौदा, अशी कोणत्याही कंपनीची गाडी बोलण्यात ‘अ‍ॅपे’ ठरते. कारोत्सेरियाच्या ज्या शब्दप्रक्रियेला इटलीत काही शतके लागली, ती येथे वीस-पंचवीस वर्षांत पार पडली, आणि तीही शब्दकोशाबाहेर.

बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर व सिंदखेडराजा भागांतून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. त्यावर दुचाकी व तीनचाकी वाहनांना मनाई आहे. प्रवेशद्वारावरचा फलक वाहनाचे नाव विचारत नाही, चाके मोजतो. त्या हिशेबात तीनखणी बेर्लिना आत जाते. अ‍ॅपे जुन्या रस्त्याने बाजाराला जाते, मागे चार माणसे आणि त्यांच्या पायाशी भाजीची पोती घेऊन.